मी ब्रेनडेड झाले तर बाळाचं काय, हे आधीच लिहून ठेवू का?

ताई, नमस्कार.
आम्ही अटलांटाजवळ राहतो. मला विसावा आठवडा चालू आहे, पहिलंच बाळ. 2025 मध्ये इथल्या एका गरोदर नर्सला ब्रेनडेड ठरवल्यावरही चार महिने यंत्रांवर ठेवलं होतं. ती बातमी तेव्हा नुसती वाचली होती, आता स्वतः गरोदर असताना डोक्यातून जात नाही. मी नवऱ्याला म्हटलं, "माझ्यावर अशी वेळ आली तर मला तसं ठेवू नका. हे मला लिहून ठेवायचंय." तो आधी गप्पच झाला. मग म्हणाला, "तू गेलीस तर निदान बाळ तरी राहील ना मला? तेही नको?" सासूबाई बाळंतपणासाठी आल्या आहेत. त्यांच्या कानावर गेलं तर म्हणाल्या, "पोटुशी बाईनं असलं अभद्र बोलू नये." पुढच्या महिन्यात डोहाळजेवण आहे. मी स्वार्थी आहे का? आणि लिहिलं तरी इथे कुणी ऐकेल का?
– अटलांटाहून एक वाचक

तू स्वार्थी नाहीस. हे आधी सांगून टाकते, कारण पुढचं सगळं लांबलचक आहे आणि ते वाचताना हा प्रश्न मनात ठसठसत राहायला नको. सासूबाईंवरही रागावू नकोस. त्यांच्या लहानपणी बाळंतपणात बाई जाणं ही आळीतली गोष्ट होती, आणि त्या भीतीवर गप्प राहण्यापलीकडे फारसं काही कुणाच्या हातात नव्हतं. पण तुझा प्रश्न शकुन-अपशकुनाचा नाही. तू राहतेस त्याच राज्यात, अमेरिकेतल्या जॉर्जियात, हे घडलं आहे, आणि ज्या घरावर ते ओढवलं त्या घराला कुणी विचारलंच नव्हतं.

बाकीच्या वाचकांसाठी हकिगत थोडक्यात सांगते. फेब्रुवारी 2025. तीस वर्षांची नर्स, एका मुलाची आई, साधारण नऊ आठवड्यांची गरोदर. डोकं असह्य दुखतंय म्हणून हॉस्पिटलात गेली. तिच्या आईच्या सांगण्याप्रमाणे औषध देऊन तिला घरी पाठवलं, सीटी स्कॅन झालाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी श्वासासाठी धडपडताना सापडली. मेंदूत रक्ताच्या गुठळ्या झाल्या होत्या. पुढे एमरी युनिव्हर्सिटी हॉस्पिटलमध्ये तिला ब्रेनडेड घोषित केलं. कायद्यानं ती तेव्हाच गेली. तरी व्हेंटिलेटर चालू राहिला, कारण राज्याच्या गर्भपातविरोधी कायद्यामुळे तो बंद करता येत नाही, असं घरच्यांना सांगण्यात आलं. 13 जूनला तातडीनं सिझेरियन करून मुलगा काढला, वजन साधारण 820 ग्रॅम. 17 जूनला तिची यंत्रं काढली.

त्या मुलीच्या आईचं म्हणणं मला या सगळ्यात सर्वांत मोलाचं वाटतं. आम्ही गर्भ ठेवलाच नसता असं मी म्हणत नाही, पण ठरवायला आम्हाला मिळायला हवं होतं, असं ती सांगत होती. पोटची पोर गेलेली, नातवाचा जीव टांगणीला, आणि त्यातही तिनं मुद्दा किती नेमका धरला होता.

आता तुझ्या नवऱ्याच्या वाक्याकडे येते. "निदान बाळ तरी." त्यात प्रेम आहे, त्याबद्दल मला शंका नाही. पण यंत्रं चालू ठेवली की बाळ हाती येतंच, असं त्यात धरून चाललेलं आहे. तसं होत नाही.

ब्रेनडेथ म्हणजे कोमा नव्हे. आपल्याकडे हा विषय निघाला की हमखास अरुणा शानबाग यांचं नाव निघतं. केईएममधल्या त्या नर्स 1973 पासून 2015 पर्यंत अंथरुणाला खिळून होत्या, पण त्यांचा श्वास त्यांचा स्वतःचा होता. ब्रेनडेथमध्ये श्वास चालवणारा मेंदूचा भागही मेलेला असतो. डॉक्टर काही मिनिटं व्हेंटिलेटर तोडून बघतात, छाती स्वतःहून एकदा तरी हलते का. हलत नाही. तिथून माणूस परत येत नाही. मी अनेक वर्षं आयसीयूबाहेर बसलेल्या नातेवाइकांशी बोलण्याचं काम केलं आहे, आणि हे पटवून घेणं किती जड जातं ते जवळून पाहिलं आहे. हात गरम असतो, मॉनिटरवर ठोके दिसत असतात, छाती वरखाली होत असते. "अहो, अंग गरम आहे, मग गेली कशी?" हा प्रश्न शिकलेली माणसंही विचारतात. पोटात बाळ असेल तर तो प्रश्न किती पटींनी वाढत असेल, याचा विचार कर.

मेंदू गेला की पिट्युटरी ग्रंथी थांबते. लघवी लिटरच्या लिटर वाहायला लागते, ती आवरायला व्हासोप्रेसिन नावाचं हार्मोन. थायरॉइडचं हार्मोन, स्टेरॉइड, सगळं बाहेरून. रक्तदाब कधी कोसळेल सांगता येत नाही, तो औषधांवर तोलून धरायचा. शरीर स्वतःचं तापमान राखत नाही, म्हणून ऊब द्यायची. नळीतून अन्न. दर काही तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. न्यूमोनिया आणि लघवीचं इन्फेक्शन पाचवीला पुजलेलं. आणि हे अहोरात्र, आठवडेच्या आठवडे, कारण आईचा रक्तदाब अर्धा तास घसरला तरी त्याची झळ गर्भाच्या मेंदूला बसू शकते.

हे साधतंही. चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो शहरात 2019 मध्ये असंच एक बाळ जन्माला आलं. आईला मेंदूत रक्तस्राव झाला तेव्हा सोळावा आठवडा होता. 117 दिवस तिचं शरीर सांभाळलं. चालल्यासारखं वाटावं म्हणून नर्स तिचे पाय हलवत, आजी पोटातल्या नातीशी बोलत असे. चौतिसाव्या आठवड्यात 2 किलो 130 ग्रॅमची मुलगी झाली. पण 2010 मध्ये जगभरातल्या अशा प्रसिद्ध झालेल्या केसेसचा आढावा घेतला गेला, तेव्हा 30 पैकी 12 बाळंच जगलेली सापडली. त्यातही यश आलं की डॉक्टर ते लिहून छापतात, फसलेल्या केसेस बहुतेक फायलीतच राहतात, असं मला वाटतं. त्यानंतरच्या वर्षांत हे प्रमाण सुधारलं आहे, तरी भरवसा कुणीच देत नाही. जर्मनीत एर्लांगनला 1992 मध्ये अपघातात गेलेल्या अठरा वर्षांच्या मुलीचं शरीर पाच-सहा आठवडे टिकवलं, आणि शेवटी आपोआप गर्भपातच झाला.

म्हणून तुम्हा दोघांच्या बोलण्यात एक गोष्ट यायलाच हवी: आठवडा कितवा? नवव्या आठवड्यात यंत्रं चालू ठेवायची म्हणजे निदान साडेतीन-चार महिने. अठ्ठाविसाव्या आठवड्यात तेच काही दिवसांचं, फार तर काही आठवड्यांचं काम. तिथे तर ताबडतोब सिझेरियनचाही विचार होऊ शकतो. चोविसाव्याच्या आसपास बाळ बाहेर जगण्याची शक्यता सुरू होते, आणि त्यानंतरचा एकेक आठवडा त्याच्या फुप्फुसांसाठी, डोळ्यांसाठी, मेंदूसाठी सोन्याचा. तू आज विसाव्यात आहेस. हे पत्र छापून येईपर्यंत तुझं गणित बदललेलं असेल. "मला ठेवू नका" आणि "बाळ तरी राहू दे" ही दोन वाक्यं समोरासमोर उभी केली तर भांडणच होईल. पण त्याला विचार, बाविसाव्या आठवड्यात तुझं मत काय, आणि तिसाव्यात काय? आणि स्वतःलाही विचार. मला वाटतं, तिसाव्या आठवड्यात तूही म्हणशील की चार दिवस थांबा, बाळ काढा. तसं असेल तर तुमचं भांडण मधल्या काही आठवड्यांपुरतंच उरतं, आणि तेवढ्यावर दोन माणसांना बोलता येतं.

मी कुठे उभी आहे ते स्पष्ट सांगते. ब्रनोला जे झालं ते मला क्रूर वाटत नाही, कारण तिथे घर सोबत होतं. जॉर्जियात जे झालं ते मला अन्याय वाटतं, आणि तिथलं बाळ जगलं म्हणून माझं मत बदलत नाही. औषधं तीच, व्हेंटिलेटर तोच. फरक एवढाच की एका ठिकाणी घरच्यांना धरून निर्णय झाला, आणि दुसऱ्या ठिकाणी तो त्यांना नुसता कळवला गेला.

आणि कळवला तोही कशाच्या आधारावर? जॉर्जियाचा 2019 चा कायदा, जो 2022 पासून लागू आहे, गर्भात हृदयाची हालचाल दिसू लागली की, म्हणजे साधारण सहा आठवड्यांनंतर, बहुतेक गर्भपातांना बंदी करतो आणि गर्भाला व्यक्तीचा दर्जा देतो. मेलेल्या स्त्रीचं काय करायचं हे त्यात कुठेही लिहिलेलं नाही. मे 2025 मध्ये प्रकरण उजेडात आल्यावर तिथल्या ॲटर्नी जनरलच्या, म्हणजे राज्याच्या मुख्य सरकारी वकिलाच्या, कार्यालयानं सांगितलं की ब्रेनडेथनंतर यंत्रं चालू ठेवायला हा कायदा भाग पाडत नाही, यंत्रं काढणं म्हणजे गर्भपात करणं नव्हे. त्याच सुमारास, ज्या आमदारानं हा कायदा आणला तो मात्र हॉस्पिटलनं केलं ते योग्यच केलं असं म्हणत होता. सांग बघू, हॉस्पिटलच्या वकिलानं काय समजायचं? कायदा मोघम आणि शिक्षा कडक असली की डॉक्टर पेशंटकडे बघायचं सोडून वकिलाकडे बघतात. याची किंमत आपल्या माणसांनीही मोजलेली आहे. बेळगावहून आयर्लंडला गेलेली डेंटिस्ट सविता हलप्पनवार ऑक्टोबर 2012 मध्ये तिथल्या गॉलवे शहरात वारली. गर्भ वाचणार नाही हे ठाऊक असूनही, ठोके चालू आहेत म्हणून गर्भपात नाकारला गेला आणि तिला जंतुसंसर्गानं गाठलं.

त्याच आयर्लंडमध्ये दोन वर्षांनी तुझा हा प्रश्न कोर्टात गेला. दोन लेकरांची आई, गर्भ जेमतेम पंधरा आठवड्यांचा असताना ब्रेनडेड झाली. घटनेतल्या आठव्या दुरुस्तीनं गर्भाला आईच्या बरोबरीनं जगण्याचा हक्क दिला होता, म्हणून डॉक्टरांची यंत्रं काढायची हिंमत होईना. तिच्या वडिलांनी हायकोर्ट गाठलं. 26 डिसेंबर 2014 ला तीन न्यायाधीशांनी निकाल दिला: बाळ जिवंत जन्माला येण्याची खरी आशा नाही, अशा वेळी हे लांबवणं म्हणजे तिच्या मरणाची विटंबना आणि घरच्यांचे हाल. ती दुरुस्ती आयर्लंडच्या लोकांनी 2018 मध्ये मतदान करून काढून टाकली.

त्याआधी जानेवारी 2014 मध्ये टेक्सासच्या फोर्ट वर्थमध्येही असंच घडलं. नवरा-बायको दोघंही पॅरामेडिक. अशा प्रसंगात काय करायचं यावर दोघं आधी बोललेले होते, आणि तिला यंत्रांवर राहायचं नव्हतं. गर्भवतीचे जीवरक्षक उपचार काढता येत नाहीत, असं त्या राज्याच्या कायद्यात एक वाक्य आहे. त्यावर बोट ठेवून हॉस्पिटलनं नवऱ्याला नकार दिला. न्यायाधीशांनी साधी गोष्ट सांगितली: ती मृत आहे, आणि मृत व्यक्तीवर उपचार होत नसतात, तेव्हा ते वाक्य इथे लागूच होत नाही. तोवर दोन महिने गेले होते, आणि गर्भात गंभीर दोष असल्याचं समोर आलं होतं.

एक युक्तिवाद मात्र मला थोडा थांबून तपासावासा वाटतो, कारण तो वरवर चांगला आहे. पोर्तुगालमध्ये 2019 मध्ये पोर्तोच्या हॉस्पिटलनं एका तरुण खेळाडूचं शरीर असंच सांभाळलं आणि बाळ वाचलं. तिथे कायद्यानं प्रत्येक जण अवयवदाता धरला जातो, नको असेल तर आधी नोंदवायचं. एथिक्स कमिटीनं, म्हणजे नैतिक पेच तपासणाऱ्या हॉस्पिटलच्या समितीनं, म्हटलं, जी अवयव द्यायला तयार होती ती बाळासाठी शरीर द्यायलाही तयार असणार. बाळाच्या वडिलांनाही ते बाळ हवं होतं, त्यामुळे तिथे कुणाचं मन मोडलं नाही. पण तर्क म्हणून मला हे पटत नाही. अवयवदान काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत उरकतं आणि देह घरच्यांच्या हाती येतो. इथे महिनोन्‌महिने देह मिळत नाही, दिवस करता येत नाहीत, मोठ्या मुलाला "आई झोपली आहे" असं सांगत राहावं लागतं. शिवाय आपल्याकडे मेलेल्या माणसाचे डोळेसुद्धा घरच्यांना विचारल्याशिवाय कुणी काढत नाही. डोळ्यांसाठी विचारायचं आणि आख्ख्या शरीरासाठी नाही, हे मला समजत नाही.

आता कामाचं. जॉर्जियाचा ॲडव्हान्स डिरेक्टिव्ह फॉर हेल्थ केअर नावाचा फॉर्म फुकट मिळतो. नोटरी लागत नाही, अठरा वर्षांवरचे दोन साक्षीदार लागतात. एजंट म्हणून जिचं नाव घालशील ती व्यक्ती साक्षीदार चालत नाही, तुझ्या मालमत्तेत वाटा मिळणारीही चालत नाही. पहिल्या भागात हेल्थ केअर एजंट नेमायचा, म्हणजे तुझ्या वतीनं बोलणारं माणूस. दुसऱ्या भागात उपचारांबद्दलची तुझी इच्छा. आणि त्यातच गरोदरपणाबद्दल एक छोटा परिच्छेद आहे, तो नीट वाच. तू गरोदर असशील तर हा दुसरा भाग सहसा लागू होणार नाही, असं त्यात सरळ म्हटलं आहे. गर्भ जगण्याजोगा नसेल आणि तू त्या ओळीवर इनिशिअल्स, म्हणजे नावाची आद्याक्षरं, केली असतील तरच तो लागू. ओळ छोटी आहे, घाईत सुटते. ती कोरी सोडू नकोस.

तेव्हा "कुणी ऐकेल का" याचं खरं उत्तर असं: हमी नाही. हा फॉर्म जिवंत पेशंटसाठी आहे, आणि त्यावरही गरोदरपणात कात्री लागते. तरीही लिही. कोर्टात, एथिक्स कमिटीपुढे, टीव्हीच्या कॅमेऱ्यापुढे "तिला काय हवं होतं" हा प्रश्न येतो तेव्हा तुझ्या सहीचा कागद असणं आणि नवऱ्याची आठवण असणं यात फार अंतर आहे. फॉर्मला स्वतःचं एक पान जोड. त्यात आठवड्यांच्या टप्प्यांनी लिही. अमुक आठवड्याच्या आत असेन तर मला जाऊ द्या. त्यानंतर असेन तर बाळाला संधी द्या, पण तपासणीत त्याला मोठी इजा दिसली तर थांबा. किती दिवसांनी पुन्हा विचार करायचा तेही लिही. आणि ज्याला बाळ वाढवायचं आहे त्याच्यावर किती सोडायचं, ते तू ठरव. अवयवदानाबद्दलही त्याच पानावर लिहून टाक. एक प्रत तुझ्या बाळंतपणाच्या डॉक्टरला दे, हॉस्पिटलच्या ॲपवर चढव. तासाभरासाठी तिथल्या वकिलाचा सल्ला घे, ते पैसे वाया जात नाहीत. आणि वेळ आलीच तर घरच्यांनी हॉस्पिटलकडे दोन गोष्टी लेखी मागायच्या: एथिक्स कमिटीची बैठक, आणि नेमक्या कोणत्या कलमामुळे यंत्रं काढता येत नाहीत ते.

बाळंतपणाला किंवा पुढे कायमचे इकडे आलात तर चित्र वेगळं आहे. आपल्या 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानं ब्रेनडेथला मान्यता आहे. चार डॉक्टरांचं मंडळ सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासणी करतं. पण ही सारी व्यवस्था अवयवदानाच्या भोवती बांधलेली आहे. दान करायचं नसेल तर यंत्रं काढताना डॉक्टर आजही बिचकतात. सुप्रीम कोर्टानं 2018 मध्ये लिव्हिंग विलला, म्हणजे उपचारांबद्दल आधीच लिहून ठेवलेल्या इच्छेला, मान्यता दिली आणि 2023 मध्ये त्याची पद्धत सोपी केली. गर्भपाताच्या कायद्यात संमती फक्त त्या स्त्रीची लागते, नवऱ्याची सही लागत नाही. ती स्त्रीच उरली नाही तर काय, याचा विचार आपण समाज म्हणून अजून केलेला नाही. अमेरिकेतली भांडणं बघून तो शांतपणे आधीच करून ठेवता आला तर बरं होईल.

अजून एक, आणि हे कायद्यापेक्षा महत्त्वाचं. अशी वेळ येणं अत्यंत दुर्मिळ आहे, पण तिच्याकडे नेणारी लक्षणं दुर्मिळ नाहीत. कधी नव्हे असं डोकं दुखलं, नजर अंधुक झाली, एक हात किंवा चेहऱ्याची बाजू बधिर झाली, एका पायाला सूज आणि दुखणं, अचानक दम लागला, तर "गरोदरपणात होतंच" हे कुणाचंही ऐकू नकोस, सासूबाईंचंही नाही आणि डॉक्टरचंही नाही. इमर्जन्सीत जा आणि तपासणी का करत नाही हे लिहून मागा.

नवऱ्याशी बोलायला डोहाळजेवणाच्या आधीचा एखादा साधा दिवस निवड. सासूबाईंना सोबत बसवायची गरज नाही. आधी त्याला त्याचं बोलू दे. बायको जाण्याची कल्पना तू त्याच्यापुढे ठेवली आहेस, आणि त्याला अजून ती सहनच होत नाहीये, म्हणून तो बाळाला धरून बसलाय. मग फॉर्म काढा. पटलं तर एजंट म्हणून त्याचंच नाव घाल. नाही पटलं, तुझं पान वाचूनही तो म्हणाला की "हे माझ्याच्यानं व्हायचं नाही", तर त्याच्यावर सक्ती करू नकोस आणि तुझी इच्छाही बदलू नकोस. त्याला सांगून, लपवून नव्हे, एजंट म्हणून दुसऱ्या कुणाचं नाव लिही: बहीण, जुनी मैत्रीण, जी अमेरिकेत आहे, फोन उचलते आणि गोड बोलणाऱ्या वकिलासमोरही तुझं म्हणणं सोडणार नाही अशी.